जुन्या मोटारीचे पुढचे पाय



म्हातारे माणूस जिना उतरू लागले, की त्याचे गुडघे कुरकुरतात. सपाट अंगणात त्याचे काही अडत नाही. उताराला पाय टाकला, की मात्र सांध्यांतली झीज कळते. जुन्या मोटारीचेही असेच आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर ती मुकाट्याने चालते. घाट लागला, खड्डा आला, वळणावर ब्रेक दाबला, की पुढच्या चाकापाशी कुठेतरी ‘खट्’ असे वाजते. आपण खिडकीची काच वर करतो आणि पुढे जातो. आवाज बंद झाला म्हणजे रोग बरा झाला, असा आपला एक समज असतो.

आज मी या खटखटीविषयी बोलणार आहे. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे आणि रस्त्याचे धक्के सोसणारे भाग झिजले आहेत हे घरच्या घरी कसे ओळखावे, अंगणात ते कसे बदलावे, आणि कोणत्या जागी आपण हात आखडता घेऊन कारागिराकडे जावे, असे तीन मुद्दे आहेत.

मी पोफळीला राहतो. चिपळूणहून कराडच्या दिशेने निघाले, की कुंभार्ली घाट चढण्यापूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी आमचे गाव लागते. आमच्या डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. घाटमाथ्यावरच्या शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून आणून इथे खाली सोडतात आणि त्यावर जनित्रे फिरतात. १९६२ साली इथली वीजनिर्मिती सुरू झाली. त्यामुळे गावात फिटर, वेल्डर, टर्नर अशी लोखंडाशी सलगी असलेली माणसे पुष्कळ. मी मात्र त्यांतला नव्हे. मी एम. ए. झालेला, कॉलेजात शिकवणारा माणूस. हातात खडू शोभतो, पाना शोभत नाही, असे माझ्या घरातच मत होते. तरीही आमच्या जुन्या मारुती ८०० गाडीने मला पाना धरायला लावला. त्याची हकीकत ओघाने येईलच.

आधी थोडे मुळापासून पाहू. बैलगाडीला धक्का सोसणारे काही नसते. चाक दगडावर चढले, की गाडीवानाची हाडे खिळखिळी होतात. टांग्याला लोखंडी कमानी आल्या आणि बसणाऱ्याला सुख मिळाले. त्याच कमानी पुढे मोटारींना आणि ट्रकला आल्या. गॅरेजमध्ये त्यांना पाटे म्हणतात. नंतर पुढच्या चाकांसाठी गुंडाळीची स्प्रिंग आली आणि प्रत्येक चाक आपापल्यापुरते वरखाली होऊ लागले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, तिच्या पुढच्या बाजूला अशाच स्प्रिंगा होत्या. मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस निघून गेली; पण कोकणातल्या एखाद्या पडवीत आच्छादनाखाली ती अजूनही उभी दिसते.

मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात आणि तिचे उत्पादन थांबले २०१४ साली. मधल्या तीस वर्षांत तिने किती घरांना पहिली मोटार दिली ते आपण आपल्या गल्लीत मोजावे. तिच्या पुढच्या चाकांची मांडणी अर्ल मॅक्फर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९५० साली विलायतेत आलेल्या फोर्ड कॉन्सल गाडीत ती होती, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांत तीच असते. म्हणून ही एक गाडी समजली, की पुष्कळशा समजतात.

ही मांडणी डोळ्यांपुढे आणा. चाकाच्या आत एक ओतीव लोखंडाचा तुकडा असतो. कारागीर त्याला नकल म्हणतात. चाक याच्यावर फिरते. नकलला वरून धरतो एक उभा खांब. या खांबाभोवती स्प्रिंग आणि पोटात शॉक अॅब्सॉर्बर असतो. सगळ्या खांबाला मिळून स्ट्रट म्हणतात. नकलला खालून धरतो एक आडवा हात, तो लोअर आर्म. या हाताचे आतले टोक रबरी बुशात बसून गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि बाहेरचे टोक बॉल जॉइंटने नकलला. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खांद्याचा सांधा: वाटीत गोळा. स्टिअरिंगकडून येणारी काडी नकलला वळवते; तिच्या टोकाला असाच एक लहान गोळा असतो, तो टाय रॉड एंड. शिवाय या गाडीत एक जाड लोखंडी दांडा डावीकडून उजवीकडे गेलेला असतो. गाडी वळणावर कलू नये म्हणून तो आहे. पण चाकाला मागेपुढे सरकू न देण्याचे कामही याच गाडीत तोच करतो. त्याच्या टोकांना आणि मधल्या पट्ट्यांत रबरे असतात.

आता स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेला धक्का ती परत देते, पुन्हा झेलते, पुन्हा देते, आणि गाडी पाळण्यासारखी हलत राहते. ते हलणे थांबवतो शॉक अॅब्सॉर्बर. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या, आणि तेलाला जायला बारीक भोके. दट्ट्याला त्या तेलातून वाट काढावी लागते, त्यात झोक्याची शक्ती संपते आणि तिची उष्णता होते. आमच्या कोयना भागातल्या माणसाला हे समजवायला मी भूकंपमापक यंत्राचे उदाहरण देतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इकडे कोणी विसरलेले नाही. जुन्या पद्धतीच्या त्या यंत्रात एक वजन टांगलेले असते, आणि एक हादरा संपल्यावर ते उगाच झुलत राहू नये म्हणून त्याला आवर घालण्याची सोय असते. नाहीतर एका हादऱ्याची शंभर रेघोट्या व्हायच्या. विज्ञानाचे शिक्षक याला अवमंदन म्हणतात. मोटारीचा शॉक मेला म्हणजे अवमंदन गेले. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. आणि हवेत असलेले चाक ना वळते ना थांबते. पावसाळ्यात घाट उतरताना याचा अर्थ काय, ते निराळे सांगायला नको.

मग झीज ओळखावी कशी? याला चार पैसेही लागत नाहीत.

पहिली परीक्षा: गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन जागेवर बसली तर ठीक. दोनतीनदा झुलली तर त्या बाजूचा शॉक गेला. खांबावर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली तर प्रश्नच मिटला.

दुसरी परीक्षा: चाक जमिनीपासून उचला. ते कसे उचलावे हे पुढे सांगतो, तोवर कुणी जॅक काढू नये. चाकाला घड्याळाची तबकडी समजा. बारा आणि सहाच्या जागी हात धरून आतबाहेर हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग सैल असेल किंवा बॉल जॉइंट झिजला असेल. दोहोंत फरक कसा करायचा? घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिला, तर संशय बॉल जॉइंटवर. मग लहान पहार घेऊन आर्म आणि नकल यांच्यामध्ये हळूच तिढा द्या; झिजलेला गोळा वाटीत हललेला डोळ्यांना दिसतो. आता नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. तिथे खेळ असला तर टाय रॉड एंड पाहा.

तिसरी परीक्षा रबरांची. ब्रेक दाबताना एकदा ‘टक्’ आणि सोडताना पुन्हा ‘टक्’ वाजले, तर मघाशी सांगितलेल्या दांड्याच्या टोकांची रबरे गेली असे बहुधा समजावे. ब्रेक लागला की चाक मागे ओढले जाते, सुटला की पुढे येते, आणि मध्ये धरायला रबर उरलेले नसते.

चौथी परीक्षा टायरची. हात फिरवून पाहा. टायर एकाच कडेला घासला असेल किंवा त्याच्या नक्षीला करवतीसारखे दाते पडले असतील, तर चाक सरळ धावत नाही.

मागच्या पिढीतल्या मोटारमालकाला हे सारे आपोआप कळायचे. फियाटच्या पुढच्या सांध्यांना ठराविक मैलांनंतर ग्रीस भरावे लागे. ग्रीस भरायला गाडी वर घ्यायची, आणि वर घेतली की चाक हलवून पाहायचे. आजचे सांधे कारखान्यातूनच वंगण भरून बंद होऊन येतात. काही करावे लागत नाही, म्हणून कोणी खाली वाकतही नाही. वरची रबरी टोपी फाटते, आत पाणी आणि माती जाते, गोळा वाटीला खातो, आणि मालकाला पत्ता नसतो. सोय झाली, पण सवय गेली.

आमचेही असेच झाले. माझ्या पत्नीचे माहेर घाटावर, पाटणकडे. एका पावसाळ्याच्या अखेरीस ती आणि मुलगी तिकडून गाडी घेऊन परतल्या. “वळणावर काहीतरी वाजतंय,” असे तिने सांगितले. मी नेहमीप्रमाणे “बघू” म्हणालो. दोन दिवसांनी शेजारचे काका सकाळी फिरायला निघाले असताना मी गाडी बाहेर काढत होतो. काकांची सारी उमर फिटरकामात गेलेली. ते थांबले आणि म्हणाले, “सर, गाडी बंद करा. डावीकडं सांधा बोलतोय.”

चाक उचलून पाहिले. डाव्या बॉल जॉइंटची टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी तांबडा चिखल, आणि पहारीने तिढा दिला की गोळा वाटीत दातासारखा हलत होता. काका म्हणाले, “हा निसटला असता, तर चाक बाहेरच्या अंगाला आडवं पडलं असतं. मग स्टिअरिंग हातात राहतं, गाडी राहत नाही.” मी काही बोललो नाही. दोन दिवसांपूर्वी हेळवाकपासून खाली पोफळीपर्यंतचा सगळा घाट त्या दोघी याच गोळ्यावर उतरल्या होत्या.

काम घरीच करायचे ठरले. इथे मी पहिली चूक केली, आणि ती सांगण्यासाठीच हे भाषण मी स्वीकारले आहे. कोकणात कुठलीही वस्तू उंच करायची झाली, की आपण जांभा चिरा सरकवतो. माठाखाली चिरा, पलंगाखाली चिरा. मीही जॅकने गाडी उचलली आणि दोन चिरे एकावर एक रचून ते खाली दिले. काका चहाला घरी गेले होते. मी चाक काढले, आणि कसे सुचले कोण जाणे, ते बाजूला न टाकता गाडीच्या कडेखाली आडवे सरकवले. मग जॅक थोडा सैल केला. भार चिऱ्यांवर आला. क्षणभर सारे ठीक होते. मग वरचा चिरा शेव चुरावी तसा चुरला आणि गाडी खाली आली. ती त्या चाकावर अडकली. माझा हात तेव्हा आर्मवर होता, आणि तो आज शाबूत आहे तो केवळ त्या चाकामुळे. काका धावत आले. त्यांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “सर, चिरा घर बांधायला. गाडी उचलायला नव्हे.”

कारण साधे आहे. भिंतीत चिऱ्यावर भार पसरून येतो. गाडीची कड म्हणजे धारदार लोखंड. सगळा भार बोटभर जागेवर येतो, आणि जांभा तर मुळात सच्छिद्र दगड. विटेचे आणि सिमेंटच्या पोकळ ठोकळ्याचेही तेच. म्हणून श्रोतेहो, बाकी काही विसरलात तरी एवढे ध्यानात ठेवा: जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. धरायला लोखंडी घोडे मिळतात, त्यांची जोडी विकत घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजमधून दिवसापुरती मागून आणा. घोडे मिळाले नाहीत तर काम पुढे ढकला. चिऱ्याला काही काम द्यायचेच असेल, तर तो मागच्या चाकाला अडसर म्हणून लावा.

आता कामाचा क्रम सांगतो. आदल्या रात्री सगळे नटबोल्ट तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. आपल्या हवेत गंज फार. रात्रभर तेल मुरले, की सकाळची निम्मी मारामारी वाचते. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्यावी. पहिला गिअर, हँडब्रेक, आणि मागच्या चाकांना पुढूनमागून अडसर. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे. मग पुढच्या दोन्ही बाजू उचलून दोन्हीकडे घोडे द्यावे. एकच बाजू उचलली तर तो आडवा दांडा पिळलेला राहतो आणि नट काढताना झटका देतो. चाके काढून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावी. गाडी हाताने हलवून पाहावी. तिथे हलायची असेल ती आपण बाहेर असतानाच हलू दे.

टाय रॉड एंड काढायचा असेल तर आधी त्याच्या मागच्या लॉक नटाची जागा रंगाने खूण करून ठेवावी. टोकाची स्प्लिट पिन काढावी, नट सैल करावा, पण तीनचार आटे चढलेलाच ठेवावा. गोळ्याची दांडी निमुळत्या भोकात घट्ट बसलेली असते. नवशिक्या तिच्या आट्यांवर हातोडा घालतो आणि आटे बसवतो. तसे करू नये. ज्या डोळ्यात ती बसली आहे त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवावा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचा ठणका द्यावा. दोनचार ठोक्यांत पकड सुटते, आणि ठेवलेल्या नटामुळे काडी अंगावर उसळत नाही. मग जुना एंड फिरवून काढताना किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवावे. नवा तेवढेच फेरे चढवावा, म्हणजे चाकाची दिशा फारशी बिघडत नाही.

लोअर आर्मसाठी दांड्याच्या टोकाचा नट, बॉल जॉइंटला नकलमध्ये आवळणारा बोल्ट आणि आतल्या बुशाचा बोल्ट असे तीन ठिकाणी सोडवावे. मग पहारीने आर्म खाली दाबला, की गोळ्याची दांडी नकलमधून सुटते. या वेळी नकल मोकळी होते. तिला बाहेर ओढू नये. आतून येणारा धुरा सांध्यातून निसटू शकतो. तारेने ती वर बांधून ठेवावी. ब्रेकची रबरी नळी कधीही वजन टांगायला वापरू नये.

नवा आर्म बसवताना एक खूण पाहावी. गोळ्याच्या दांडीला एक खाच असते आणि आवळणारा बोल्ट त्या खाचेतून जातो. दांडी पूर्ण वर गेली नसेल तर बोल्ट जात नाही. तो हातोड्याने घालू नये. दांडी नीट वर सरकवावी, बोल्ट बोटांनी जाईल. काढलेली स्प्लिट पिन पुन्हा कधी घालू नये. नवी घालून तिचे दोन्ही पाय नीट वळवावे. दोन रुपयांच्या तारेवर माणसाचा जीव असतो, असे काका म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

माझी दुसरी चूक इथली. मी सगळे बोल्ट गाडी घोड्यांवर असतानाच पक्के आवळले. चार महिन्यांत नवी रबरे फाटली. मी दुकानदाराला दोष देत होतो. दोष माझा होता. चाक लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बुश आवळला, की गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि जन्मभर पिळलेलेच राहते. म्हणून रबरी बुशाचे बोल्ट आधी नुसते लावून घ्यावे. मग आर्मच्या टोकाखाली जॅक देऊन चाक नेहमी ज्या उंचीवर असते तिथवर न्यावे, आणि तेव्हा शेवटचे आवळावे. घोडे अर्थातच जागेवरच असावे.

किती आवळावे, हा प्रश्न शिक्षकांना आवडेल. मॅन्युअलमध्ये प्रत्येक बोल्टाचा आकडा न्यूटन मीटरमध्ये दिलेला असतो. त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. तो नसला तरी तरफेचा नियम आपल्याजवळ आहे. काजूबी विकत घेणारा व्यापारी हुकाचा काटा वापरतो, तो मागून आणावा. शाळेतल्या ताणकाट्याचा तो मोठा भाऊ. समजा आकडा ६० न्यूटन मीटर आहे. त्याला ९.८ ने भागले की सुमारे ६ किलोग्रॅम मीटर होतात. बोल्टाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर पान्याला काटा अडकवावा आणि पान्याशी काटकोनात ओढावे. काट्याने १२ किलो दाखवले, की थांबावे. आठवीच्या मुलाला हे गणित फळ्यावर कंटाळवाणे वाटते. अंगणात दाखवले तर तो विसरत नाही.

आता शॉक बदलायचा असेल तर ऐका. स्ट्रटच्या माथ्यावर, बॉनेटच्या आत, कडेचे नट आणि मधोमध एक नट दिसतो. कडेचे नट आणि खालचे बोल्ट काढून, एकाने खांब धरून, सबंध स्ट्रट खाली उतरवता येतो. पण तो मधला नट आपण काढायचा नाही. त्याच्या खाली स्प्रिंग दाबून कोंडलेली असते. तो सुटला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. स्प्रिंग दाबून धरण्याचे साधन कारागिराकडे असते. उतरवलेला स्ट्रट पिशवीत घालून चिपळूणला न्यावा, तिथे नवा शॉक घालून आणावा आणि घरी बसवावा. यात कमीपणा काही नाही. शॉक नेहमी डावाउजवा जोडीने बदलावा. एक नवा आणि एक मेलेला असला, की गाडी एका अंगाला ओढते. वस्तू घेताना बिल मागावे आणि वेष्टन नीट पाहावे. बॉल जॉइंटमध्ये स्वस्त नक्कल घेणे म्हणजे विहिरीला कुजका दोर लावणे.

काम झाल्यावर दोन्ही चाके एकमेकांना समांतर आहेत का ते पाहावे. दोन्ही टायरांच्या मागच्या अंगाला, धुऱ्याच्या उंचीवर, नक्षीच्या मध्यावर खडूने खूण करावी आणि दोन खुणांतले अंतर मोजावे. मग गाडी हाताने पुढे ढकलावी, त्याच खुणा समोर येईपर्यंत, आणि पुन्हा मोजावे. दोन मापांत बोटभर फरक आला तर आटे मोजण्यात चूक झाली असे समजावे. हे काम चलाऊ माप झाले. दोनचार दिवसांत चाकांची दिशा यंत्रावर तपासून घ्यावीच. पहिली फेरी गावातच सपाट रस्त्यावर सावकाश मारावी, ब्रेक तपासावा, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून पाहावे.

इतके करून वाचते काय? खरे सांगायचे तर मजुरी वाचते ती थोडीच, आणि माझ्यासारख्याचा एक रविवार जातो. ज्याला वेळ नाही, साधने नाहीत किंवा हाताखाली माणूस नाही, त्याने हे काम खुशाल गॅरेजला द्यावे. पण चाक हलवून पाहण्याची परीक्षा मात्र प्रत्येकाने शिकावी. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे दर ५ वर्षांनी ती वाढवून घेताना सरकार गाडी तपासते. घाट मात्र ती रोज तपासतो. गणपतीला गाड्या भरून माणसे गावी येतात, त्यापूर्वी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, असे वर्षातून दोनदा पुढची चाके उचलून पाहिली तरी पुरे.

आमच्या शेजारचे वीजघर इतकी वर्षे चालते आहे ते काही दैवाने नव्हे. तिथला माणूस यंत्र बंद पडायची वाट पाहत नाही. त्याचा आवाज बदलला, की तो कान देतो. काकांनी माझ्या गाडीला दिला तो तोच कान. आमच्या घरात आता एक नियम आहे. गाडी चालवून आलेल्या माणसाने काही वाजते म्हटले, तर कोणी ‘बघू’ म्हणायचे नाही. त्याच दिवशी चाक उचलायचे. घोडे पडवीत, हाताशीच ठेवलेले असतात. आणि फुटलेल्या त्या चिऱ्याचा एक तुकडा मी टेबलावर ठेवला आहे. कागद उडू नयेत म्हणून तो उपयोगी पडतो.